नांगराच्या कारखान्याने मासिक का काढले?

१/
१९२० साली औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाची एक छोटी पत्रिका निघू लागली. ती काढणारी कोणी साहित्यसंस्था नव्हती. लोखंडी नांगर, कडबाकुट्टी आणि उसाचे चरक बनवणारा तो कारखाना होता. पुढच्या दशक-दीड दशकात याच पत्रिकेतून मराठीतले एक आघाडीचे मासिक उभे राहिले. नांगर विकणाऱ्याला मासिकाची गरज का पडावी? आज बँका, दूध संघ, रुग्णालये आणि देवस्थाने यूट्यूबवर स्वतःच्या वाहिन्या का चालवतात, याचे बरेचसे उत्तर या जुन्या प्रश्नात सापडते. त्याचाच हा धागा.

२/
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. ती नोकरी सोडून ते बेळगावात स्थिरावले. तेथे त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडवला. नांगर उत्तम होता, पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, अशी हकीकत या उद्योगाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते.

३/
येथे अडचण किमतीची नव्हती, मालाच्या दर्जाचीही नव्हती. अडचण समजुतीची होती. वर्तमानपत्रातली चार ओळींची जाहिरात वस्तूचे नाव, भाव आणि मिळण्याचे ठिकाण सांगू शकते. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत ती उपटू शकत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा बोलावे लागते, उदाहरणे द्यावी लागतात, शंका ऐकाव्या लागतात. असे लांबलचक बोलणे दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात जागा विकत घेऊन परवडत नाही. त्यासाठी स्वतःचाच पार बांधावा लागतो.

४/
हा विचार जगात अगदी नवा नव्हता, आणि योगायोग असा की त्याचे एक गाजलेले उदाहरणही नांगर बनवणाऱ्याचेच आहे. अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ‘फरो’ म्हणजे नांगराने पडणारे तास. ते आजही निघते. शेतीचे शहाणपण वाढले तर चांगल्या अवजाराची मागणी आपोआप वाढेल, हा त्यामागचा हिशेब होता.

५/
फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारचालकांसाठी एक पुस्तिका काढली आणि तिच्या सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या. त्या वेळी संपूर्ण फ्रान्समध्ये मोटारी जेमतेम तीनएक हजार होत्या. पुस्तिकेत टायर बदलण्याची कृती होती, दुरुस्तीची ठिकाणे होती, मुक्कामाची हॉटेले होती. लोक दूरवर फिरले तर टायर झिजणार, झिजले तर नवे लागणार. १९२० पासून तिला किंमत लावण्यात आली. १९२६ पासून हॉटेलांना तारांकने देण्याची प्रथा सुरू झाली. आज जगातले नामांकित बल्लवाचार्य ज्या तारांकनासाठी जिवाचे रान करतात, त्याचे मूळ टायरच्या खपात आहे.

६/
आता पुन्हा किर्लोस्करवाडीकडे. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. १९१० मध्ये तेथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. शहरापासून, बाजारपेठेपासून आणि छापखान्यांच्या पेठांपासून हे ठिकाण दूर होते. ग्राहक गावोगाव विखुरलेले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग एकच होता : टपाल. ‘खबर’ याच मार्गाने हिंडू लागली.

७/
तिचे कर्तेकरविते होते शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’. लक्ष्मणरावांचे हे पुतणे चित्रकलेचे शिक्षण घेऊन कारखान्यात आले होते. त्यांच्याकडे जाहिरातीचे काम होते आणि हातात व्यंगचित्रकाराचा कुंचला होता. त्यांच्या व्यंगचित्रांचा ‘टाकाच्या फेकी’ हा संग्रह पुढे प्रसिद्ध झाला. नियतकालिकात मजकुराइतकीच चित्राची आणि मांडणीची किंमत असते, हे त्यांना उपजत कळत होते. कारखान्याच्या हिशेबात जाहिरातखात्यावर पडणारा खर्च त्यांनी संपादकाच्या नजरेने वापरला, आणि सगळा फरक तेथेच पडला.

८/
आरंभी ‘खबर’चे स्वरूप गृहपत्रिकेचे होते : कारखान्याची वार्ता, यंत्रांची माहिती, विक्रेत्यांशी संवाद. हळूहळू त्यात उद्योजकतेवरचे लेख आले, स्वावलंबनाच्या कहाण्या आल्या. मग समाजसुधारणा आली आणि तिच्यामागून कथा-कादंबरीही आली. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर यांच्यासारखे लेखक त्यात लिहू लागले. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि केवळ ‘किर्लोस्कर’ उरले. नाव कारखान्याचेच राहिले, पण ते उच्चारताना मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे नांगराइतकेच मासिकही येऊ लागले.

९/
सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे गाजलेले निबंध तिसाव्या दशकात याच मासिकातून आले. रूढी आणि पोथीनिष्ठा यांवर त्यांत केलेला हल्ला अनेक वाचकांना झोंबणारा होता. व्यापारी हिशेबाने पाहिले तर गिऱ्हाईक दुखावण्याचा हा धंदा आतबट्ट्याचाच. पण नांगराची गोष्ट आठवली की त्यातली संगती दिसते. लोखंडाने जमीन नासते असे मानणारे मन आणि ग्रहणात अन्न विटाळते असे मानणारे मन एकाच घडणीचे असते. कारखान्याला फक्त ग्राहक नको होता; यंत्रयुग पचवू शकणारा माणूस हवा होता.

१०/
१९३० मध्ये याच समूहाने ‘स्त्री’ हे मासिक काढले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. स्त्रियांच्या मासिकाने नांगर किंवा पंप विकले जाण्याची शक्यता फारशी नव्हती. तरीही ‘स्त्री’ने शिक्षण, विवाह, घरातील दुय्यमत्व अशा विषयांवर अनेक दशके बोलणे चालू ठेवले आणि कित्येक घरांतील बायकांना लिहिते केले. संस्थेचे माध्यम संस्थेच्या मालापासून इतके दूर गेल्याची उदाहरणे थोडीच सापडतात.

११/
मात्र येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. थैली ज्याची, शब्द त्याचा, हे सूत्र अशा माध्यमाला किती लागू पडते? कारखान्याच्या मासिकातून रूढींवर आसूड ओढता येतो. पण कारखानदारीवर, मालक-मजूर संबंधांवर तितक्याच धारेने लिहिता येईल का? मर्यादा बहुतेकदा छापलेल्या ओळींत दिसत नाही. न छापलेल्या विषयांत दिसते. विद्या बाळ १९८३ ते १९८६ या काळात ‘स्त्री’च्या संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक कोणत्याही उद्योगसमूहाच्या छत्राविना सुरू केले. ‘स्त्री’ने घडवलेला वाचक आता स्वतंत्र मासिक पेलू शकत होता, हे ‘स्त्री’चे यश, तसे मासिक वेगळे काढण्याची गरज वाटली, हाही त्याच इतिहासाचा भाग.

१२/
छापील शब्दाला एक मोठी अट होती : वाचता येणे. ती अट चित्रपटाने काढून टाकली, आणि संस्था कॅमेऱ्याकडे वळल्या. ब्रिटनमध्ये साम्राज्यातील मालाचा खप वाढवण्यासाठी १९२६ मध्ये ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ स्थापन झाले. त्याच्याच आश्रयाने जॉन ग्रिअर्सन यांनी १९२९ मध्ये हेरिंग मासेमारीवरचा ‘ड्रिफ्टर्स’ केला. १९३३ मध्ये हा चमू टपालखात्याकडे गेला. रात्रीच्या टपालगाडीवरचा १९३६ चा ‘नाइट मेल’ ही त्याचीच निर्मिती. त्यासाठी कवी ऑडन यांनी कविता लिहिली आणि बेंजामिन ब्रिटन यांनी संगीत दिले. खात्याच्या प्रचारासाठी केलेला हा लघुपट आज अनुबोधपटांच्या इतिहासात अभ्यासला जातो.

१३/
ही परंपरा तेलकंपन्यांमार्फत भारतात आली. पन्नासच्या दशकात मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा चित्रपट विभाग काम करत होता. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात घडलेले जेम्स बेव्हरिज यांनी त्याची धुरा वाहिली. भारतातील खेडी, कलाकुसर, लोकजीवन असे विषय घेऊन हे पट निघाले; रॉकेलचा डबा त्यांच्या मध्यभागी नसे. नव्या स्वतंत्र देशात परकी तेलकंपनीला सर्वात जास्त गरज होती ती सद्भावनेची. १९७६ मध्ये तिचा कारभार सरकारकडे गेला. लोकजीवनाच्या त्या काळातल्या कित्येक प्रतिमा मात्र तिच्याच पैशाने टिपल्या गेलेल्या आहेत.

१४/
आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत देणारा एक आणि घेणारे अनेक. १९७६ मध्ये गुजरातमध्ये हे नाते उलटे झाले. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे निर्माते होते दूध उत्पादक शेतकरी : सुमारे पाच लाख सभासद, प्रत्येकी दोन रुपये. आणंदच्या दूध चळवळीचे व्हर्गिस कुरियन यांनी ही योजना सहकारी दूध विपणन महासंघामार्फत पार पाडली. पटकथा विजय तेंडुलकरांची होती, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिरीश कार्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, मोहन आगाशे ही मंडळी पडद्यावर होती आणि कॅमेरा गोविंद निहलानींचा होता.

१५/
संस्थेच्या पैशाने केलेला चित्रपट म्हटला की शेवटी पांढऱ्याशुभ्र इमारतीवर झेंडा फडकणार, अशी अपेक्षा असते. ‘मंथन’मध्ये तसे काही होत नाही. गावात सहकारी संस्था उभारायला आलेला पशुवैद्य सरपंच, खासगी डेअरीवाला आणि जातीच्या भिंती यांच्यात सापडतो. त्याच्यावर खोटा आळ येतो, त्याची बदली होते आणि तो निघून जातो. संस्था जगते ती गावातल्या दलित तरुणाच्या जिद्दीमुळे. बाहेरून आलेल्या तारणहाराचा पराभव दाखवण्याचे धैर्य या पटात आहे. म्हणूनच तो जाहिरात वाटत नाही.

१६/
चित्रपटगृहांत तो चालला. ज्यांनी पैसे दिले ते शेतकरी गाड्या भरभरून पाहायला आले, अशी आठवण सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचा त्याचा दुसरा प्रवास. १६ मिलीमीटरच्या प्रती घेऊन पथके गावोगाव गेली. सोबत पशुवैद्य, दुधाचे तंत्रज्ञ, चाऱ्याचे जाणकार असत. आधी पडद्यावरची गोष्ट, नंतर प्रत्यक्ष चर्चा आणि मग संस्था काढण्याची तयारी. पडद्याने फक्त विषय काढून द्यायचा होता. पुढचे काम माणसांनी करायचे होते.

१७/
तरीही थैलीचा प्रश्न येथेही सुटत नाही. १९७० पासून चाललेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ला युरोपातून मदत म्हणून आलेल्या दूधभुकटीचा आणि बटर ऑइलचा मोठा आधार होता. या धोरणाचा खरा लाभ कोणाला, शहरांना की खेड्यांतल्या गरिबांना, यावर १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’तून कठोर टीका केली आणि मोठा वाद पेटला. ‘मंथन’च्या गावात हा वाद शिरत नाही. चित्रपट गावातल्या सत्तेबद्दल निर्भय आहे. चळवळीच्या मुख्यालयाबद्दल त्याला प्रश्न नाहीत. ‘किर्लोस्कर’बाबत उपस्थित केलेली शंका येथे पुन्हा समोर येते.

१८/
२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि हिशेब मुळापासून बदलला. छापखाना नको, चित्रपटगृह नको, टपालाचा खर्च नको. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तेव्हा खेड्यातला माणूसही या प्रेक्षकांत आला. उद्योगांनी लगेच पावले ओळखली. २०१४ च्या ‘पर्मनंट रूममेट्स’ या वेबमालिकेमागे घरे शोधून देणारे एक संकेतस्थळ होते; २०१६ च्या ‘ट्रिपलिंग’मध्ये भावंडांच्या प्रवासातली मोटार प्रायोजक कंपनीचीच होती. मिशेलिनची जुनीच युक्ती : माल पुढे करू नका, प्रवास दाखवा.

१९/
याच माध्यमाचा वेगळा वापर ‘डिजिटल ग्रीन’ने केला. २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने तज्ज्ञांना बाजूला सारून स्थानिक शेतकऱ्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. गावात टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर लावून व्हिडिओ दाखवला जाई. गावातलाच एक कार्यकर्ता तो मध्येच थांबवून प्रश्न विचारी. पारंपरिक कृषी मार्गदर्शनाच्या तुलनेत काही पद्धतींचा स्वीकार सातपट वाढला, असा निष्कर्ष प्रकल्पाच्या संशोधकांनी २००९ च्या निबंधात मांडला. पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा तंत्राविषयी नसे. पडद्यावरचा माणूस कोण, कुठल्या गावचा, हे त्यांना आधी हवे असे.

२०/
महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘पानी फाउंडेशन’ने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीन तालुके होते. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. पाणलोटाचे शास्त्र व्हिडिओंतून शिकवायचे, गावकऱ्यांना शिबिरांत तयार करायचे आणि त्यांच्या श्रमदानाच्या कहाण्या ‘तुफान आलंया’मधून पुन्हा गावांनाच दाखवायच्या, अशी ही साखळी होती. एका गावचे काम पाहून शेजारचे गाव उठावे, हा हेतू. ‘मंथन’च्या पथकांचे हे थेट वंशज म्हणता येईल.

२१/
पण कथा सांगणाऱ्या माध्यमाचा एक स्वभाव असतो. त्याला आरंभ, संघर्ष आणि विजय लागतो. पाण्याच्या प्रश्नाला असा शेवट नसतो. त्याच काळात राज्यभर यंत्रांनी चाललेल्या नाला खोलीकरणावर, भूजलाचा विचार न करता होणाऱ्या खोदाईवर जाणकार आक्षेप घेत होते. भरलेल्या चराचे दृश्य कॅमेऱ्यात सुंदर दिसते. त्या पाण्यावर कोणते पीक घेतले गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी राहिले, हे चित्रित करायला चार वर्षे थांबावे लागते. प्रेरणा आणि पडताळा या दोन गोष्टी एकाच हाताने होत नाहीत.

२२/
ऑनलाइन व्हिडिओने आणखी एक बदल केला, आणि तो सहसा लक्षात येत नाही. किर्लोस्करांचा कागद, छपाई आणि वर्गणीदारांची यादी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. ‘मंथन’च्या प्रती महासंघाच्या कपाटात होत्या. आजची वाहिनी दुसऱ्याच्या अंगणात थाटलेली असते. कोणता व्हिडिओ कोणाला दिसणार, हे त्या अंगणाचा मालक ठरवतो. ‘खबर’च्या काळात वाचक आवडला-नावडला ते पत्राने कळवी, आज प्रत्येक सेकंदाचा हिशेब लागतो आणि पाहणारा कोठे कंटाळला हेही कळते. त्यामुळे न कंटाळवण्याची सक्ती वाढते. लोखंडाने जमीन नासत नाही, हे सांगायला दोन वर्षे लागतात, हे या हिशेबात बसत नाही.

२३/
शंभर वर्षांच्या या वाटचालीत टिकलेल्या माध्यमांचे लक्षण शोधायचे तर ते एवढेच दिसते : मूळ माल बाजूला काढला तरी वाचकाच्या पदरात काही उरते. नांगर न घेणाराही ‘किर्लोस्कर’ वाचू शकत होता. मोटार नसलेल्यालाही मिशेलिनच्या तारांकनाचे कुतूहल वाटते. जेथे असे काही उरत नाही, तेथे संस्थेचे माध्यम म्हणजे पानोपानी वाढलेले दरपत्रक. आणि ज्या माध्यमाने खरोखर काही दिले, त्यालाही विचारायचा प्रश्न उरतोच : कोणता विषय या पानावर, या पडद्यावर कधीच आला नाही?

२४/
हा प्रश्न विचारायला पुरावा शिल्लक असावा लागतो. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे जुने अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेले आहेत, म्हणून त्यांतली धिटाई आणि त्यांतले मौन, दोन्ही मोजता येते. ‘मंथन’ची रिळे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने उजळवली आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पण एखाद्या साखर कारखान्याची, पतपेढीची वा ग्रामपंचायतीची वाहिनी बंद झाली, तर तिच्यावरचे व्हिडिओ कोणाच्या कपाटात असतील? संस्थांनी निदान एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढे जो कोणी या काळाचा इतिहास लिहील, त्यालाही पडद्यावरच्या माणसाबद्दल आधी तेच विचारायचे असेल : हा कोण, आणि कुठल्या गावचा?